चार रेषा दिसल्या, म्हणून पातळ्या चार?

हायड्रोजन भरलेल्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की गुलाबीसर प्रकाश पडतो. तो ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून) पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. काळोखात सुट्या रेषा दिसतात: एक ठळक लाल (तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर), एक हिरवट निळी (४८६.१) आणि दोन जांभळ्याकडे झुकणाऱ्या (४३४.० आणि ४१०.२). शेवटची तर जेमतेमच दिसते. आता विचारा, हायड्रोजनच्या अणूत ऊर्जापातळ्या किती? ‘चार’ हे उत्तर चटकन येतं, आणि ते चूक आहे.

पातळी म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे असू शकतो ती ऊर्जा. रेषा म्हणजे एका पातळीवरून दुसरीवर उतरताना त्यानं टाकलेला प्रकाश. एसटीच्या मार्गावरचा थांबा वेगळा आणि दोन थांब्यांमधलं तिकीट वेगळं, तसंच हे. थांबे चार असले तर खाली येणारी तिकिटं सहा होतात. थांबे सहा, तर तिकिटं पंधरा. मग वर दिसलेल्या चार रेषांसाठी किती पातळ्या लागल्या? पाच! तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी, आणि त्या सगळ्यांवरून जिथे उतरायचं ती दुसरी. पहिली पातळी यात आलीच नाही. तिच्यावर येणाऱ्या उड्या इतक्या मोठ्या असतात की त्यांचा प्रकाश अतिनील पडतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यातली सर्वांत लहान उडीसुद्धा १२१.६ नॅनोमीटरची रेषा देते.

आकडे घेतले की गोंधळ आणखी सुटतो. हायड्रोजनची पहिली पातळी –१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर (हे अणूंच्या ऊर्जेचं एकक; अणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्य धरतात), दुसरी –३.४०, तिसरी –१.५१, चौथी –०.८५. वर जावं तशा पायऱ्या दाटत जातात. तिसरीवरून दुसरीवर आलं की ३.४० वजा १.५१, म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बाहेर पडतात. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या ऊर्जेनं १२४० ला भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. १२४० ला १.८९ नं भागा, ६५६ येतात. तीच ती लाल रेषा. वजाबाकी विसरून थेट ३.४० नं भागणारे बरेच असतात. त्यांचं उत्तर येतं ३६५, आणि मला ही चूक फार आवडते, कारण तो आकडा निरर्थक नाही. जांभळ्याच्या पलीकडे रेषा एकमेकींजवळ सरकत जातात आणि ३६४.६ नॅनोमीटरपाशी त्यांची गर्दी संपते. पार वरून, अणूच्या पकडीतून जेमतेम सुटलेला इलेक्ट्रॉन सरळ दुसऱ्या पातळीवर आला, तर तेवढाच प्रकाश टाकेल. वजा करायला तिथे शून्यच उरतं.

हा ३६४.६ आकडा पातळ्यांची कल्पना निघण्याआधीच सापडला होता. बासेलमधले शाळाशिक्षक योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी मोजलेल्या चार रेषा एका सूत्रात बसवल्या, त्यात तो आहे. पुढे स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रिडबर्ग यांनी तेच सूत्र दोन पदांच्या वजाबाकीत मांडलं. ही वजाबाकी कशाची, हे १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितलं: दोन पातळ्यांची. रेषा मोजलेल्या, पातळ्या त्यांवरून ओळखलेल्या. पाठ्यपुस्तकं आधी पातळ्यांची शिडी काढतात आणि मग बाण; माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एक अणू एका उडीत एकाच रेषेचा प्रकाश देतो. नळीत सगळ्या रेषा एकदम दिसतात, कारण असंख्य अणू वेगवेगळ्या उड्या घेत असतात. म्हणून पातळ्या प्रत्येक अणूत त्याच असल्या, तरी कुठली रेषा किती ठळक हे त्या घटकेला किती इलेक्ट्रॉन कुठे आहेत यावर ठरतं.

ताऱ्यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरला. ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या याच रेषा काळ्या दिसतात, कारण तिथे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून दुसरीवरून वर चढतात. त्यासाठी आधी ते दुसरीवर असायला हवेत. १०,००० केल्विनला लाखात जेमतेम तीन अणू त्या स्थितीत असतात. सूर्याच्या पृष्ठभागावर, ५,७७२ केल्विनला, वीस कोटींत एखादा. म्हणून १०,००० केल्विनच्या आसपास असलेल्या अभिजित ताऱ्यात या रेषा ठसठशीत, तर सूर्यात त्यामानानं फिक्या. रेषा फिकी म्हणून हायड्रोजन कमी असं मानणं म्हणजे पुन्हा तीच गल्लत. खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात हा हिशेब मांडला, तेव्हा तारे मुख्यतः हायड्रोजनचेच असल्याचं उत्तर आलं. ते इतकं अनपेक्षित होतं की नामवंत खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आक्षेपानंतर पेन यांनी प्रबंधातच तो निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असं लिहिलं. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचले.