काळ्या रानाचा ताप आकाशातून

मे महिन्यातल्या दुपारी बातम्यांत समजा सांगितलं, परभणी ४२ अंश. त्याच वेळी गावाबाहेरच्या नांगरून टाकलेल्या काळ्या रानात ढेकळांवर अनवाणी उभं राहवत नाही, कारण तिथं ५५ अंशांच्या आसपास ताप असू शकतो. दोन्ही आकडे खरेच. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तो हवा मोजतो. उपग्रह मोजतो तो जमिनीचा वरचा पापुद्रा.

तापलेली कुठलीही वस्तू अवरक्त किरण सोडते. त्यातले ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचे किरण हवेतून बऱ्यापैकी पार होतात आणि उपग्रहावरचा संवेदक ते टिपतो. वाटेत बाष्प थोडे किरण गिळतं. म्हणून ११ आणि १२ मायक्रोमीटरच्या आसपास दोन वेगळ्या मोजण्या घेतात. दोन्हींतल्या फरकावरून बाष्पाचा हिशोब वजा करता येतो.

मराठवाड्याचा उन्हाळी नकाशा पाहिला की एक गंमत दिसते. शहर तापलेलं आणि शिवार थंड, असं आपण धरून चालतो. इथं दुपारी बऱ्याचदा उलट असतं. सोयाबीन, कापूस, रब्बीची ज्वारी निघून गेल्यावर कोरडं रान उघडं पडतं. ओल असती तर उन्हातली बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात गेली असती. ती नाही, म्हणून सगळी मातीलाच तापवते. शहरात निदान झाडं, सावल्या आणि नळाचं पाणी असतं. रात्री मात्र सिमेंट दिवसाची उष्णता सोडत राहतं आणि शहरच गरम दिसतं. नाथसागराच्या काठचा ओलिताचा ऊस दुपारच्या चित्रात गार पट्ट्यासारखा उठून दिसतो.

म्हणूनच दोन उन्हाळे शेजारी ठेवून ‘जमीन तापली’ म्हणणं मला घाईचं वाटतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६ साल आणि चांगल्या पावसानंतरचा एखादा उन्हाळा यांच्यात दिसणारा फरक बराचसा ओलीचा असतो. कल पाहायचा तर वीसेक वर्षांची मालिका हवी, रात्रीचे आकडे वेगळे हवेत आणि ढगाळ दिवस गाळलेले हवेत. ढग आला की उपग्रहाला ढगाचाच माथा दिसतो. पावसाळ्यात तर नोंदींची बोंबच.

टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका १ किलोमीटरचा, म्हणजे सुमारे २५० एकरांची सरासरी. दोन एकरवाल्याचं रान त्यात हरवतं. लँडसॅट ८ आणि ९ चा औष्णिक ठिपका १०० मीटरचा, अडीच एकरांचा, पण दोघे मिळून ८ दिवसांनी एकदा येतात. शिवाय टेराची सकाळी साडेदहाची फेरी अलीकडे लवकर होऊ लागली आहे, तर ॲक्वाची दुपारी दीडची उशिरा. उन्हाळ्यात तासाभरानं माती कितीतरी अंश बदलते, त्यामुळे जुन्या नोंदींना नवे आकडे जोडण्याआधी हा वेळेचा फरक काढून टाकावा लागतो.