तारेला लावलेलं टपाल

पूर्वी घराघरांत भिंतीवर एक तार लटकलेली असे. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत खुपसायचं. जुनं तळाशी, ताजं वर. वेगळे राहिलेले दोन भाऊ पुन्हा एकत्र आले असते, तर दोन तारांवरचं टपाल एका तारेवर चढवायला पाच मिनिटं पुरली असती.

आज ठिकठिकाणी विखुरलेलं जुनं ईमेल-टपाल एकत्र करायचं तर काय काय करावं लागतं, ते पाहू. ईमेल साठवण्याची एक फार जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत हुबेहूब या तारेसारखी आहे. तिचं नाव एमबॉक्स. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या जमान्यातली ही चीज म्हणजे मजकुराची एक लांबलचक साधी फाइल. त्यात एका मेलखाली दुसरा, त्याखाली तिसरा. नवा मेल कुठून सुरू झाला हे कळावं म्हणून वर एक खुणेची ओळ असते: ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द, एक मोकळी जागा, मग पत्ता आणि तारीख. जीमेलमधलं सगळं टपाल गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीने उतरवून घेतलं की हाती पडते ती एमबॉक्सच. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रामही मुळात याच पद्धतीने मेल ठेवतो. त्यामुळे अशा दोन फाइली जोडायला खास सॉफ्टवेअर लागत नाही. एकीच्या शेवटी दुसरी चिकटवली की झालं. युनिक्समध्ये ‘कॅट’ ही तीन इंग्रजी अक्षरांची आज्ञा हे काम करते.

इतकं सोपं असेल तर त्यात फसण्यासारखं काय? पहिली गंमत त्या खुणेच्या ओळीतच आहे. पत्राच्या मजकुरात एखादी ओळ ‘फ्रॉम’ शब्दानेच सुरू झाली, तर संगणकाला वाटतं इथून नवं पत्र सुरू झालं, आणि तो चांगल्या पत्राचे दोन तुकडे करतो. म्हणून मेल साठवताना अशा ओळीच्या आधी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह घालायची प्रथा पडली. जुन्या इंग्रजी मेलांत मध्येच एक अनाथ बाण दिसतो, तो यातून आलेला. मराठीत लिहिणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. आपली भाषा संगणकाच्या सोयीची ठरल्याचं हे दुर्मीळ उदाहरण, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी फसगत जोडाच्या जागी होते. पहिल्या फाइलीच्या शेवटी रिकामी ओळ नसेल, तर तिचं शेवटचं पत्र आणि दुसरीचं पहिलं पत्र एकमेकांना चिकटतात आणि एक पत्र गुपचूप दुसऱ्याच्या पोटात जातं. एकूण आकडा एकाने कमी येतो. जोडण्याआधी आणि नंतर पत्रं मोजायची ती एवढ्याचसाठी.

आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्राम ज्या पीएसटी फाइलीत टपाल ठेवतो, तिची गोष्ट निराळी. ती तार नव्हे, ती अनुक्रमणिका असलेली बांधीव नोंदवही. कुठली नोंद कुठल्या पानावर आहे याचा झाडासारखा फांद्या फुटलेला तक्ता तिच्या आतच असतो. दोन वह्यांची पानं उसवून एकत्र शिवली तर दोन्हींची अनुक्रमणिका खोटी पडणार. म्हणून पीएसटी फाइली कधीच चिकटवता येत नाहीत. प्रत्येक मेल एकीतून वाचून दुसरीत नव्याने नोंदवावा लागतो. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. त्या हद्दीजवळ पोचलेली फाइल बिघडत असे. त्या काळी कचेऱ्यांमध्ये दरवर्षी नवी पीएसटी उघडली जायची, आणि आज लोकांकडे पाच-सात तुकडे साठलेत ते त्यामुळेच.

हे सगळं यांत्रिक झालं. खरा पेच तुकडे एकत्र आल्यावर सुरू होतो: एकच पत्र तीन-चार ठिकाणांहून येतं. ऑफिसच्या बॅकअपमध्ये ते आहे, घरच्या संगणकावर आहे, जीमेलमध्येही आहे. टेकआउटमध्ये लेबलवार फाइली मागवल्या, तर दोन लेबलं लावलेला मेल दोन्ही फाइलींत येतो. या ढिगातून जादा प्रती काढायच्या तर आधी ठरवावं लागतं की ‘तेच पत्र’ म्हणजे नेमकं काय.

ढीग किती फुगतो याचं नावाजलेलं उदाहरण एन्रॉनचं. हे नाव मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाने ते नव्वदच्या दशकात घरोघरी पोचवलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने चौकशीत जमा केलेले तिथल्या अधिकाऱ्यांचे मेल २००३ मध्ये खुले केले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रायन क्लिम्ट आणि यिमिंग यांग यांनी २००४ मध्ये हा साठा मोजला, तेव्हा १५८ जणांच्या पेट्यांत ६,१९,४४६ मेल होते. त्यांतले काही फोल्डर संगणकाने आपोआप तयार केलेले होते, आणि ‘सर्व दस्तऐवज’ अशा अर्थाच्या नावाच्या फोल्डरमध्ये इतरत्र असलेल्याच मेलांच्या प्रती कोंबलेल्या होत्या. असे फोल्डर काढल्यावर उरले २,००,३९९. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त भरताड.

प्रती ओळखायचा सरळ मार्ग सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही लगेच कळेल. तिथे बाहेर जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक पडतो आणि पोचल्यावर आवक शिक्का बसतो. ईमेलचंही तसंच आहे. पाठवताना त्याला एक ‘मेसेज-आयडी’ मिळतो, जगात दुसऱ्या कोणत्या मेलला नसेल असा. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला ‘रिसीव्ह्ड’ शिक्का वरच्या बाजूला मारत जातो. पाठवणाऱ्याकडच्या प्रतीवर हे शिक्के नसतात, मिळालेल्या प्रतीवर असतात. त्यामुळे दोन्ही फाइली अक्षरशः सारख्या कधीच नसतात, पण जावक क्रमांक एकच असतो. क्रमांक जुळला की पत्र तेच.

बहुतेक वेळा. ईमेलचे तांत्रिक नियम हा क्रमांक ‘असावा’ म्हणतात, ‘असलाच पाहिजे’ असं म्हणत नाहीत. अर्धवट मसुद्यांना तो बहुधा नसतो. काही भिकार स्वयंचलित यंत्रणा वेगवेगळ्या मेलांना एकच क्रमांक चिकटवतात. अशा वेळी मजकुराकडेच पाहावं लागतं.

आता १ लाख मेल असतील आणि प्रत्येकाची तुलना उरलेल्या प्रत्येकाशी करायची म्हटली, तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. ते टाळायला ‘हॅश’ वापरतात. मेलचा मजकूर एका गणिती गिरणीत घातला की पलीकडून ठरावीक लांबीची एक संख्या पडते. एसएचए-२५६ ही गिरणी चार ओळींचा मेल असो की चाळीस पानांचा, २५६ बिटांचीच संख्या देते. मजकूर तोच तर संख्या तीच. एक स्वल्पविराम बदलला तरी संख्या ओळखू येणार नाही इतकी वेगळी. दोन वेगळ्या मेलांची संख्या योगायोगाने जुळणं व्यवहारात अशक्य. मग प्रत्येक मेल एकदाच दळायचा आणि ‘ही संख्या आधी आली होती का?’ एवढंच विचारायचं. ५०० कोटींचं काम १ लाखावर येतं.

गिरणीत काय घालायचं, यात मात्र कसब आहे. सगळे शिक्के घातले तर दोन प्रती कधीच जुळणार नाहीत. म्हणून पाठवणारा, घेणारे, तारीख, विषय, मजकूर आणि अटॅचमेंट एवढंच घेतात. तरीही विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं आणि युनिक्स एकच, तेवढ्यानेही हॅश बदलतो. अँटिव्हायरस कधी तळाशी स्वतःची जाहिरात चिकटवतो. पीएसटीत तर मेलचं मूळ रूप जसंच्या तसं राहतच नाही. त्याचे सुटे भाग साठवले जातात आणि बाहेर काढताना पत्र नव्याने जुळवलं जातं. आधी असले फरक पुसून मजकूर एकसारखा करायचा, मगच दळायचा. इतकं करून क्रमांक एक पण मजकूर वेगळा निघाला, तर मी दोन्ही ठेवतो. जादा प्रत फक्त जागा खाते. गेलेलं पत्र परत येत नाही.

मराठी मेल असतील तर आणखी एक चकवा. जोडलेल्या फाइलीत साध्या एडिटरने ‘मावशी’ शोधलं तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. ईमेलची वाट मुळात इंग्रजी अक्षरांपुरती आखलेली, म्हणून देवनागरी वेष बदलून प्रवास करते. ‘म’ हे एक अक्षर यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, आणि वेषांतराच्या एका पद्धतीत प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका ‘म’ची नऊ चिन्हं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखे, आतले बाइट वेगळे. शोध एकाला पकडतो, दुसऱ्याला सोडतो. युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये लिहिलेले मेल तर तो फॉन्ट नसेल तर निव्वळ इंग्रजी कचरा दिसतात. त्यांना आधी फॉन्ट कन्व्हर्टर लावावा लागतो.

आणि तारीख. समजा, पुण्याहून आईने रात्री ८ वाजता मेल केला आणि कॅलिफोर्नियातल्या मुलीने हिवाळ्यातल्या त्याच दिवशी सकाळी ७ वाजता उत्तर दिलं. घड्याळाचे नुसते आकडे पाहून रचलं, तर उत्तर प्रश्नाच्या १३ तास आधी येतं. खरं तर ते अर्ध्या तासाने लिहिलेलं आहे. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणल्या की १४:३० आणि १५:००. शिवाय ही तारीख पाठवणाऱ्याच्या संगणकाची. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे जायचं आणि मेलवर १ जानेवारी १९८० पडायचं. तिथे सर्वांत वरचा आवक शिक्का पाहावा. तो आपल्याच सर्व्हरचा असतो.

हे टपाल कधी कोर्टात लागेल अशी शंका असेल, तर मूळ फाइलींना हातही लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, आणि जोडलेल्या फाइलीचा हॅश मूळ फाइलीचा नसतो.

शिवाय वकिलांच्या दृष्टीने ‘जादा’ प्रत जादा नसतेच. तोच मेल पाच अधिकाऱ्यांच्या पेट्यांत सापडला, याचा अर्थ तो पाचही जणांपर्यंत पोचला होता. म्हणून त्यांची सॉफ्टवेअरं चार प्रती काढतात, पण पाचही पेट्यांची नावं उरलेल्या प्रतीला जोडून ठेवतात. घरच्या टपालातही मी हेच करतो. मेलच्या हेडरात, म्हणजे मजकुराच्या वरच्या पत्ता-तारखेच्या भागात, स्वतःची एक ओळ घालतो: ऑफिसचा बॅकअप, घरचा जुना संगणक, जीमेल. एकाच मेलवर तिन्ही नावं आली की कळतं, हे पत्र मी तीन वेळा जपून ठेवलं होतं.