हॅलोविनच्या हाँटेड हाउसमध्ये ड्रॅगन आले कुठून

२०२३ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या युनिव्हर्सल ऑर्लँडो या थीम पार्कच्या हॅलोविन हॉरर नाइट्स या भुताखेतांच्या इव्हेंटमध्ये 'ड्युएलिंग ड्रॅगन्स: चूज दाय फेट' नावाचं हाउस येणार हे कळलं तेव्हा जुन्या फॅन्सना नुसतं नाव वाचूनच भरून आलं, आणि ज्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं त्यांना प्रश्न पडला की अरे, भुताखेतांच्या इव्हेंटमध्ये हा मर्लिन जादूगार, हे ड्रॅगन, हे सगळं कशाला. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर बरंच मागे जातं.

आधी हाउस म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे जत्रेत भूतबंगला असतो तीच कल्पना, गाडीत बसायचं नाही, आपल्या पायांनी चालत जायचं. युनिव्हर्सलचे पार्क हे मुळात स्टुडिओ, त्यामुळे बरीचशी हाउसेस शूटिंगच्या साउंडस्टेजमध्ये उभी राहतात, बाकीची मोठ्या तंबूंमध्ये. आत गेलं की चार-पाच मिनिटांचा वाकडातिकडा रस्ता, एकामागून एक खोल्या, आणि भिंतीत लपलेले कलाकार. तुम्ही समोरच्या प्रेताकडे बघत असता आणि बाजूची फळी खाडकन खाली पडते, स्ट्रोब लाइट फडफडतो, त्या चौकोनातून कमरेपर्यंत कोणीतरी तुमच्या अंगावर येतं आणि तुम्हाला ओरडायला सुचेपर्यंत फळी परत जागेवर. एवढंच तंत्र. पण त्या फळीमागे कोण आहे, करवतवाला खुनी की परीकथेतला खुजा दुष्ट गॉब्लिन, याने सगळा अनुभव बदलतो.

आता परीकथा आणि भीती हे काही थीम पार्कवाल्यांनी जुळवलेलं लग्न नाही. जर्मन परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा, त्यातली हिमगौरी वाचा, तिला मारायला निघालेली राणी त्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे, सावत्र ती नंतर झाली, आणि शेवटी त्या राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. म्हणजे गोष्ट आधीपासूनच भीतीची होती, आपण ती मुलांसाठी धुऊन पुसून घेतली.

आणि थीम पार्कमध्ये ही भीती पहिल्या दिवसापासून होती. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड उघडलं त्यात हिमगौरीची राइड होती, अंधारातून गाडी जायची आणि चेटकीण सफरचंद पुढे करायची. गंमत म्हणजे त्या राइडमध्ये हिमगौरी दिसायचीच नाही, कारण हिमगौरी म्हणजे तुम्ही, गाडीत बसलेले, चेटकीण तुमच्याच मागे लागलीय. लोकांना ते कळायचं नाही, हिमगौरी कुठाय म्हणून विचारायचे, आणि लहान मुलं रडत बाहेर यायची. १९८३ ला राइड नव्याने केली तेव्हा नावातच 'स्केअरी' शब्द घातला. माझ्या मते आजच्या फँटसी हाउसची खरी आजी ही राइड आहे, कारण 'गोष्ट बघायची नाही, गोष्टीत सापडायचं' हे तिने आधी करून दाखवलं.

हॅलोविनच्या रात्री अख्खा पार्क भुतांच्या ताब्यात द्यायचा ही कल्पना मात्र डिस्नीची नाही. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ ला तीन रात्रींसाठी ते केलं, लोक तुटून पडले, आणि तो इव्हेंट आजही चालू आहे. तिथेही २०१२ पासून काही वर्षं पिनोकिओवर एक मेझ, म्हणजे असंच चालत जायचं हाउस, होतं, कठपुतळीची गोष्ट भयानक करून.

मध्ये एक काळी तारीख आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ११ मे १९८४, न्यू जर्सीतला सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्क, हाँटेड कॅसल नावाचं आकर्षण. समोरून किल्ला, आतून एकमेकांना जोडलेले ट्रकचे ट्रेलर, भिंतींना फोम, पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत. आग लागली आणि आठ टीनएजर मुलं आत गेली ती बाहेर आलीच नाहीत. त्यानंतर अशा जागांसाठी आगीचे नियम कडक झाले, स्प्रिंकलर, धूर ओळखणारी यंत्रं, बाहेर पडायचे रस्ते, आग न पकडणारं सामान. आज कुठल्याही हाउसमध्ये अंधारात हिरवा एक्झिटचा बोर्ड दिसतो आणि काही जण म्हणतात त्याने मूड जातो, त्यांना मी या मुलांबद्दल सांगतो.

मग १९९१. युनिव्हर्सल ऑर्लँडो नवंकोरं होतं, एक वर्षापूर्वीच उघडलेलं. 'जॉज' या शार्कच्या सिनेमावरची राइड सतत बिघडायची म्हणून ती बंद करून परत बांधायला घेतली होती, आणि तिची रांगेची जागा रिकामी पडली होती. ऑक्टोबरात तीन रात्री 'फ्राइट नाइट्स' केलं त्यात एकच हाउस, 'डंजन ऑफ टेरर', आणि ते त्या रिकाम्या रांगेतच उभं केलं. नाव बघा, डंजन, किल्ल्याचं तळघर, म्हणजे सुरुवातच राजेरजवाड्यांच्या काळातल्या वातावरणाने झाली. पुढच्या वर्षी नाव बदलून हॅलोविन हॉरर नाइट्स झालं.

फँटसीला खरा बहर आला तो इव्हेंट शेजारच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये गेल्यावर, २००२ पासून. तो पार्कच मुळी गोष्टींच्या बेटांचा. २००५ ला तर त्यांनी 'टेरा क्रुएंटस' नावाचं अख्खं काल्पनिक राज्यच रचलं, त्याची राणी वेगळी, प्रदेश वेगळे, आणि सूत्रधार कोण तर गोष्ट सांगणारी म्हातारी, द स्टोरीटेलर. आटपाट नगर होतं म्हणत आजीने सुरुवात करावी आणि नगरात सगळे मेलेले निघावेत, तसं. २००६ ला इव्हेंट परत स्टुडिओ पार्कात गेला पण गोष्टींची चटक राहिली, २००८ ला 'स्केअरी टेल्स: वन्स अपॉन अ नाइटमेअर' आणि २०१८ ला 'स्केअरी टेल्स: डेडली एव्हर आफ्टर', ज्यात दुष्ट चेटकिणीने परीकथांचं सगळं राज्यच बळकावलंय.

यामागे पैशाचंही गणित आहे. गाजलेल्या सिनेमा-सिरीजवर हाउस करायचं तर हक्क घ्यावे लागतात, ते पात्र कसं दिसावं यावर मालकांचं लक्ष असतं. ग्रिमच्या गोष्टींवर कोणाचा हक्क नाही. पोस्टरवर सिनेमाचं नाव असलं की गर्दी खेचली जाते हे मान्य, पण डिझायनर लोकांना मोकळा हात मिळतो तो या स्वतःच्या हाउसेसमध्येच, आणि मला वाटतं म्हणूनच तिथे जीव ओतलेला दिसतो.

अर्थात फँटसी करायला कठीण. खुनी करायचा तर मास्क आणि सुरा पुरतो, ड्रॅगन माणसाच्या मापाचा नसतोच, मग डोकं, मान, पंजा असं तुकड्यातुकड्यात दाखवायचं आणि उरलेला अंधारात कल्पनेवर सोडायचा. गॉब्लिन त्या मानाने सोपा, तो माणसाच्या मापात बसतो. २०२४ च्या 'गॉब्लिन्स फीस्ट'मध्ये गॉब्लिन्सची मेजवानी चाललेली असते आणि पानात वाढलेली असतात माणसं.

आता परत ड्रॅगनकडे. ड्युएलिंग ड्रॅगन्स ही आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमधली रोलर कोस्टर, १९९९ ला पार्कबरोबरच उघडलेली. दोन ट्रॅक, एक आगीचा ड्रॅगन, एक बर्फाचा, दोन्ही ट्रेन एकाच वेळी सुटायच्या आणि जेमतेम दीड फुटावरून एकमेकींना चुकवायच्या, खाली लोंबकळणारे पाय समोरच्यांच्या पायांना लागतील असं वाटायचं. पण फॅन्सना विचारा, ते आधी रांगेबद्दल बोलतील. पडक्या किल्ल्यातून लांबच लांब चालत जायचं, सांगाडे, बर्फात गोठलेले सरदार, आणि शेवटी जिथे रांग दोन ट्रॅककडे फुटायची तिथे इशारा, चूज दाय फेट, तुझं नशीब तू निवड. एकही कलाकार नसलेलं हाँटेड हाउसच होतं ते. २०१० ला हॅरी पॉटरचा विभाग आला, राइडचं नाव ड्रॅगन चॅलेंज झालं, किल्ल्याची सजावट गेली. २०११ ला उडालेल्या वस्तू लागून लोकांना इजा झाल्यावर ट्रेन एकत्र सोडणं थांबलं, आणि ४ सप्टेंबर २०१७ ला राइड कायमची बंद. तिच्या जागी २०१९ ला हॅग्रिडची मोटरबाइक कोस्टर आली, ती उत्तम आहे, पण तो किल्ला गेला तो गेलाच.

म्हणून २०२३ च्या हाउसने लोक हलले. राइड पाडून सहा वर्षं झाली होती, आणि त्या रांगेतला इशारा हाउसचं नाव होऊन परत आला, नुसता नावापुरता नाही, तर हाउसच्या शेवटी खरोखर दोन वाटा फुटायच्या, आग किंवा बर्फ. एका फेरीत एकच. ज्यांनी बर्फ निवडला त्यांना आगीचा शेवट बघायला पुन्हा मागे जाऊन रांगेत उभं राहावं लागायचं, आणि लोक राहायचे.