जांभा व चुनखडी यांचे शालेय रासायनिक परीक्षण

जांभ्यातील लोह आणि चुनखडीतील कार्बोनेट ओळखण्याच्या साध्या गुणात्मक चाचण्या. बेळगाव जिल्ह्यातल्या शाळांना त्यासाठी नमुना विकत आणावा लागत नाही. खानापूरकडे घराच्या भिंतीच जांभ्याच्या असतात, तर अथणी-रायबागच्या काळ्या रानात नांगरट झाली की चुनखडीचे पांढुरके खडे वर येतात.

चुनखडी. वाटाण्याएवढा खडा कुटून परीक्षानळीत घ्यावा व 2–3 मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. लगेच फसफसते. निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. वायू जास्त वेळ सोडल्यास बायकार्बोनेट तयार होऊन ती पुन्हा नितळ दिसते, म्हणून नजर सुरुवातीपासूनच हवी. विरल सल्फ्युरिक आम्ल इथे चालत नाही: खड्यावर कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो आणि फसफस विझते. निवळीसाठी चमचाभर खायचा चुना अर्धा लिटर पाण्यात ढवळून, बूच लावून रात्रभर ठेवावा. उघडी राहिलेली निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साय धरते. अशी निवळी टाकून द्यावी.

जांभा. अर्धा ग्रॅम बारीक पूड 5 मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्लात, उघड्या खिडकीशी, गरम पाण्याच्या भांड्यात 10 मिनिटे ठेवावी. द्रावण पिवळे होते. ते गार करून 20 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात सावकाश ओतावे व गाळावे. गाळलेल्या द्रावणात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब पडले की रक्तासारखा लाल रंग येतो. दुसऱ्या नळीत पोटॅशियम फेरोसायनाइडने गडद निळा अवक्षेप मिळतो. फेरोसायनाइड गरम, संहत आम्लात कधीही घालू नये, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो.

थायोसायनेटची कसोटी अतिशय तीक्ष्ण आहे, आणि घोळ तिथेच होतो. बाजारी आम्ल पिवळसर असते ते बहुधा त्यातल्या लोहामुळेच; गंजलेला चमचा किंवा बोअरचे पाणीही रंग देते. म्हणून तेच आम्ल, तेच पाणी, तेवढेच थेंब, पण जांभ्याची पूड नाही, अशी कोरी नळी शेजारी ठेवलीच पाहिजे. दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धराव्यात. कोरी रंगहीन किंवा फिकट गुलाबी आणि नमुना गडद लाल असेल, तरच जांभ्यात लोह आहे असे वहीत लिहावे, आणि कोऱ्या नळीचा रंगही त्याच ओळीत नोंदवावा.