सांता मोनिका विमानतळ: मालकी शहराची, मर्जी वॉशिंग्टनची

लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या सांता मोनिका शहराचा स्वतःचा विमानतळ आहे. सुमारे 227 एकरांचा. वावर मुख्यतः शिकाऊ वैमानिकांचा, हौशी विमानमालकांचा आणि छोट्या जेटमधून फिरणाऱ्या धनिकांचा. 31 डिसेंबर 2028 नंतर तो बंद करायची मुभा शहराला मिळाली आहे. स्वतःच्याच जमिनीसाठी शहराला इतकी वर्षे का झगडावे लागले, हे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

पहिल्या महायुद्धानंतर इथे नुसते मैदान होते. युद्धात मरण पावलेल्या ग्रेयर क्लोव्हर या वैमानिकाच्या नावावरून 1923 मध्ये त्याला क्लोव्हर फील्ड म्हणू लागले. मार्च 1924 मध्ये डोनाल्ड डग्लसच्या कारखान्याने बांधलेली अमेरिकी सैन्याची चार विमाने इथून निघाली आणि सिअ‍ॅटलहून पृथ्वीप्रदक्षिणेला गेली. वाटेत कलकत्त्याला त्यांचे पाण्यावर उतरण्यासाठीचे तरंगते पाय काढून चाके बसवली होती. चारांपैकी दोनच विमानांनी फेरी पूर्ण केली. 1926 मध्ये मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि शहराने जमीन विकत घेतली. गंमत म्हणजे ते रोखे उद्यानासाठीचे होते.

डग्लस कंपनी 1928 मध्ये धावपट्टीशेजारीच आली. 17 डिसेंबर 1935 रोजी डीसी-3 ने पहिले उड्डाण केले ते इथून. आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखले जाते ते हेच विमान. ऑक्टोबर 1947 मध्ये भारतीय जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच.

पर्ल हार्बरनंतर जपानी हल्ल्याच्या धास्तीने कारखाना चक्क लपवला गेला. उंच खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून तिच्यावर लाकूड-कापडाची खोटी घरे उभी केली. त्यांना कुंपणे होती, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा होत्या. झाडांची पाने म्हणजे रंगवलेली कोंबडीची पिसे. धावपट्टी हिरवी रंगवली. हे सोंग इतके वठले की अमेरिकेच्याच वैमानिकांना विमानतळ सापडेना.

खरी मेख मात्र युद्धानंतरची आहे. युद्धकाळात वॉशिंग्टनच्या संघ सरकारने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने, विमानतळ भाड्याने घेतला होता. 1948 मध्ये तो परत देताना हस्तांतरणाच्या दस्तात विमानतळ म्हणूनच वापर करण्याची अट आली. म्हणजे सातबारा शहराच्या नावावर, पण त्यावर सरकारी बोजा. पुढची सगळी भांडणे या एका कागदाभोवती फिरली.

कारखान्यातल्या कामगारांसाठी म्हणून भोवती वस्ती वाढली, ती थेट धावपट्टीच्या टोकापर्यंत. पुढे डीसी-8 या जेटसाठी कंपनीला लांब धावपट्टी हवी होती. रहिवाशांनी विरोध केला, तेव्हा ते काम लाँग बीचला गेले. 1975 पर्यंत डग्लसने इथला गाशाच गुंडाळला. रोजगार गेला, आवाज राहिला. शहराने जेटबंदी केली, ती न्यायालयाने 1979 मध्ये रद्द ठरवली. रात्रीच्या उड्डाणांवरचे निर्बंध मात्र टिकले. 1984 च्या कराराने विमानतळ 2015 पर्यंत चालवायचे ठरले. 2008 मध्ये वेगवान जेटांवर पुन्हा बंदी घातली, तीही संघीय विमान प्रशासनापुढे टिकली नाही.

तोडगा निघाला जानेवारी 2017 मध्ये, शहर आणि विमान प्रशासन यांच्यातल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने. बंद करण्याची तारीख पक्की झाली आणि त्याच वर्षअखेरीस 4,973 फुटांची धावपट्टी 3,500 फुटांवर आणली. मोठी जेट त्यामुळे आपसूक दूर राहिली. माझ्या मते शहराची खरी हुशारी इथे दिसली: जे बंदीहुकमांना जमले नाही, ते डांबर उखडून साधले.

मतदारांनी 2014 मध्येच ठरवून ठेवले आहे की विमानतळ बंद झाल्यावर त्यांच्या संमतीशिवाय तिथे उद्यान, मोकळी जागा आणि करमणुकीच्या सोयींखेरीज नवे काही बांधायचे नाही. घरांच्या टंचाईमुळे आता तिथे घरे हवीत म्हणणाराही एक गट उभा राहिला आहे.