प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर वीर्य ‘आटतं’?

‘प्रोस्टेट काढली की वीर्य आटतं, पुरुषत्व संपतं’ हा फॉरवर्ड जुनाच. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी.

वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडताना (टीयूआरपी) मूत्राशयाचं तोंड रुंदावतं. मग वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या बाहेरून जातात, त्या बहुधा शाबूत राहतात.

पडताळा सोपा: संबंधानंतरची पहिली लघवी काचेच्या ग्लासात धरा, बहुतेक वेळा गढूळ दिसते. खात्री लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू दिसल्यावर. ते वृषणात तयार होतच असतात, त्यामुळे ‘कोरडं’ म्हणजे गर्भनिरोधन नव्हे. मूल हवं असल्यास लघवीतून शुक्राणू वेगळे काढता येतात. आम्लात ते मरतात, म्हणून आधी लघवीची आम्लता औषधाने कमी करतात.

कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली तर गोष्ट वेगळी. वीर्यकोशही (वीर्यातला बराचसा द्रव बनवणाऱ्या पिशव्या) जातात, वीर्य खरंच बंद होतं. नसा दुखावल्यास ताठरता परतायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, कधी परततही नाही. मात्र कामतृप्ती वीर्याविनाही होते.