नर्स प्रॅक्टिशनर

नर्स प्रॅक्टिशनर : नोंदणीकृत परिचारिकेने पुढील शिक्षण व प्रमाणन घेऊन रोगनिदान करणे, तपासण्या सांगणे आणि औषधे लिहून देणे हे अधिकार मिळवून करावयाचा व्यवसाय, तसेच तो करणारी व्यक्ती. अमेरिकेत प्रगत परिचर्येच्या चार मान्य शाखा असून ही त्यांपैकी एक होय. भूल देणारी परिचारिका, परिचारिका-सुईण आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट या उरलेल्या तीन. फिजिशियन असिस्टंट (परिचर्येतून न येता वैद्यकाचे शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारा डॉक्टरचा साहाय्यक) हा व्यवसाय कामाने जवळचा, पण त्याची परंपरा व परवाना निराळा असल्याने येथे तो तुलनेपुरताच घेतला आहे.

उगम : बहुतेक संदर्भग्रंथ या व्यवसायाचा आरंभ १९६५ मध्ये मानतात. त्या वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य परिचारिका लॉरेटा फोर्ड (१९२०–२०२५) आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांसाठी बालआरोग्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्यांना पदवी नव्हे, तर प्रमाणपत्र मिळे. नर्स प्रॅक्टिशनर हे नाव येथूनच रूढ झाले, यावर फारसे दुमत नाही. परिचारिकांनी डॉक्टरी स्वरूपाचे काम करणे मात्र त्याहून जुने आहे. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १८७७ च्या सुमारास सिस्टर मेरी बर्नार्ड भूल देण्याचे काम करीत. मेयो क्लिनिकमधील ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भूलप्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. भूल देणे म्हणजे वैद्यक व्यवसाय करणे की काय, हा प्रश्न केंटकीत १९१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियात १९३६ मध्ये न्यायालयापुढे गेला. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली परिचारिकेने भूल दिल्यास तो वैद्यक व्यवसाय ठरत नाही, असा निर्वाळा दोन्ही वेळा मिळाला. केंटकीच्याच डोंगराळ भागात मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ मध्ये स्थापलेल्या संस्थेच्या परिचारिका-सुइणी खोगिराला औषधांच्या पिशव्या बांधून घोड्यावरून बाळंतपणे करीत फिरत. डॉक्टर तेथे अभावानेच पोहोचे. त्यामुळे काय करायचे हे त्यांना जागेवरच ठरवावे लागे.

हा व्यवसाय कशामुळे उदयास आला, याविषयी दोन मते आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी डॉक्टर विशेषज्ञतेकडे वळले, खेड्यांत व शहरी गरीब वस्त्यांत सामान्य वैद्यकाची उणीव भासू लागली आणि ती पोकळी परिचारिकांनी भरली, हे रूढ स्पष्टीकरण. त्याला जोडून मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी विमा योजनांचाही उल्लेख केला जातो. त्या कायद्यावर स्वाक्षरी जुलै १९६५ मध्ये झाली आणि मेडिकेअरचा लाभ मिळू लागला तो १९६६ च्या मध्यापासून. त्यामुळे या योजनांनी व्यवसायाचा प्रसार झाला असेल, पण त्याचा उगम त्यांत शोधणे कालक्रमाला धरून नाही. खुद्द फोर्ड यांना डॉक्टरांच्या तुटवड्याची उपपत्ती मान्य नव्हती. बोल्डर परगण्याच्या आरोग्य खात्यात काम करताना त्यांनी पाहिले होते, की निरोगी बालकांची तपासणी, लसीकरण आणि मातांना सल्ला ही कामे परिचारिका अंगावर घेतच असत; फक्त त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण व मान्यता नव्हती. फोर्ड यांचे मत कागदपत्रांशी अधिक जुळते. तुटवड्याने या व्यवसायाला पैसा व राजाश्रय मिळवून दिला, एवढे मात्र नाकारता येत नाही.

याच काळातील एक फसलेला प्रयत्न मराठी वाचकांना सहसा माहीत नसतो, पण पुढील सारी विभागणी त्यातून निघाली. ड्यूक विद्यापीठातील यूजीन स्टेड या वैद्यकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस थेल्मा इंगल्स या परिचर्या शिक्षिकेबरोबर परिचारिकांसाठी प्रगत वैद्यकीय अभ्यासक्रम आखला. परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने त्याला अधिस्वीकृती नाकारली. त्यावर स्टेड यांनी परिचारिकांचा नाद सोडला आणि नौदलातून परतलेल्या वैद्यकीय जवानांना घेऊन १९६५ मध्ये फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम काढला. पहिल्या तुकडीतील चौघांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. परिचर्येच्या क्षेत्रातूनही विरोध होताच. मार्था रॉजर्स यांच्यासारख्या सिद्धान्तकर्त्या नर्स प्रॅक्टिशनरला परिचर्येतून वैद्यकाकडे पळवून नेलेली परिचारिका मानत. परिणामी एकाच दवाखान्यात शेजारशेजारच्या खोल्यांत सारखेच रुग्ण तपासणारे दोघे वेगवेगळ्या कायद्यांखाली काम करतात. नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना राज्याचे परिचर्या मंडळ देते. फिजिशियन असिस्टंट बहुतांश राज्यांत वैद्यकीय मंडळाच्या अखत्यारीत येतो.

शिक्षण व पात्रता : अमेरिकेत आधी परिचर्येची पदवी (साधारण चार वर्षे) आणि नोंदणीची राष्ट्रीय परीक्षा, मग दोन ते तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी किंवा परिचर्येतील व्यावसायिक डॉक्टरेट असा मार्ग आहे. प्रगत विकृतिशरीरक्रियाविज्ञान (रोगामुळे शरीराच्या कार्यात होणाऱ्या बदलांचा अभ्यास), प्रगत औषधविज्ञान आणि प्रगत शारीरिक तपासणी हे तीन विषय सर्वांना सक्तीचे. २००८ च्या सहमती आराखड्याने प्रत्येकीला एक रुग्णसमूह निवडणे आवश्यक केले : कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य अथवा मनोविकार. निवडलेल्या समूहाबाहेर काम करावयाचे तर पुन्हा शिकावे लागते; बालरोगाचे प्रमाणन असलेली व्यक्ती वृद्धांचा दवाखाना चालवू शकत नाही. प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची किमान अट दीर्घकाळ ५०० होती, ती २०२२ च्या मानकांनी ७५० केली. फिजिशियन असिस्टंटला सुमारे २७ महिन्यांत दोन हजार तासांच्या आसपास काम करावे लागते. डॉक्टरांच्या संघटना या आकड्यांवर नेमके बोट ठेवतात. परिचारिकेने आधी वॉर्डात घालवलेली वर्षे त्यांत धरलेली नसतात, हे उत्तर पूर्वी बिनतोड होते. अनुभवाशिवाय थेट प्रवेश देणारे अभ्यासक्रम वाढल्यापासून ते तितकेसे लागू पडत नाही.

सर्वांनाच डॉक्टरेट सक्तीची असावी, असा ठराव अमेरिकी परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ मध्ये केला व त्यासाठी २०१५ ही मुदत ठरवली. मुदत उलटली, तरी पदव्युत्तर पदवीवर प्रवेश मिळतच राहिला. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या शाखेने मात्र तो अमलात आणला. तेथे २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. त्याआधी अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव हवा.

अधिकार : या व्यवसायाची खरी कसोटी प्रिस्क्रिप्शनवर कोणाची सही चालते, ही. निदान व उपचाराचा अधिकार कायद्याने मान्य करणारे पहिले राज्य आयडाहो (१९७१). आज निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरशी करार न करता स्वतंत्र दवाखाना चालवू शकते. टेक्ससमध्ये मात्र डॉक्टरने दिलेले लेखी अधिकारप्रदान लागते. केंद्रीय कायद्याने १९९७ मध्ये तिला मेडिकेअरकडून थेट शुल्क घेण्याची मुभा दिली, पण दर ठेवला डॉक्टरच्या शुल्काच्या ८५ टक्के. तेच बिल डॉक्टरच्या नावाने, त्याच्या देखरेखीखालील सेवा म्हणून पाठवले तर पूर्ण १०० टक्के मिळतात. त्यामुळे अनेक दवाखान्यांत रुग्ण तपासते एक आणि नोंद होते दुसऱ्याच्या नावावर. उपलब्ध आकडेवारीतून नर्स प्रॅक्टिशनरचे काम नीट मोजता येत नाही, त्याचे हे एक कारण.

गुणवत्तेविषयी दोन यादृच्छिक (रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केलेल्या) चाचण्यांचा दाखला नेहमी दिला जातो : कॅनडातील बर्लिंग्टन येथील (१९७४) आणि न्यूयॉर्कमधील १,३१६ रुग्णांवरील (२०००). दोन्हींत प्राथमिक उपचारांचे परिणाम डॉक्टरांइतकेच आढळले. दोन्ही प्राथमिक सेवेपुरत्या होत्या; अतिदक्षता किंवा तातडीच्या विभागाला त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

अमेरिकी श्रमसांख्यिकी खात्यानुसार २०२३ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे १,२६,००० डॉलर, फिजिशियन असिस्टंटचे सुमारे १,३०,००० डॉलर आणि भूल देणाऱ्या परिचारिकेचे २,१२,००० डॉलरच्या पुढे होते.

अन्य देश : ब्रिटनमध्ये योग्य प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना २००६ पासून जवळपास सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देता येतात, मात्र प्रगत परिचारिका ही उपाधी तेथे कायद्याने संरक्षित नाही. तेथील फिजिशियन असोशिएट (फिजिशियन असिस्टंटचेच तेथील नाव) डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय परिषदेच्या नियमनाखाली आले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे हा व्यवसाय २००० च्या आसपास सुरू झाला. रशियातील फेल्डशर आणि केनियातील क्लिनिकल ऑफिसर यांना काही लेखक याच वर्गात घालतात. परंतु ते परिचर्येतून आलेले नसल्याने त्यांना मध्यम स्तरीय वैद्यक (पूर्ण डॉक्टरपेक्षा कमी मुदतीचे शिक्षण घेतलेला उपचारक) म्हणणे अधिक योग्य.

भारत : मध्यम स्तरीय वैद्यकाची कल्पना भारताला नवी नाही. एल.सी.पी.एस. ही अक्षरे जुन्या मुंबई इलाख्यात गावोगावच्या पाट्यांवर असत. ही परवानापदवी मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स (स्थापना १९१२) देई. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशातील नोंदणीकृत डॉक्टरांत पदवीधरांपेक्षा अशा परवानाधारकांची संख्या मोठी होती. तरीही समितीच्या बहुमताने एकच पदवीधर डॉक्टर असावा अशी शिफारस केली; काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. पुढे छत्तीसगडने २००१ मध्ये आणि आसामने २००४ च्या कायद्याने तीन वर्षांचे ग्रामीण वैद्यकीय अभ्यासक्रम काढले. आसामचा कायदा उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द ठरवला व तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम केला. परिचारिकांच्या वाटेने जाण्याचा विचार बळावला तो या पार्श्वभूमीवर.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. प्रवेशासाठी बी.एस्सी. नर्सिंग, राज्य परिषदेची नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. शिक्षण बव्हंशी रुग्णाच्या खाटेजवळच होते : व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे धमनी रक्तवायू पाहायचे, ऑक्सिजनचे प्रमाण किती ठेवावे हे ठरवायचे, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग कमी-जास्त करायचा. हे सारे रुग्णालयाच्या लेखी कार्यप्रणालीच्या व स्थायी आदेशांच्या चौकटीत. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने (२०१७) नर्स प्रॅक्टिशनरची शिफारस केली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढून १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना मांडली. तेलंगणाने असे प्रशिक्षण त्याआधीच, २०१७ मध्ये, सुरू केले होते. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण भारतात १९९२ मध्ये चेन्नईतील मद्रास मेडिकल मिशन येथे हृदयशल्यविशारद के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आले. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

अडचण औषधांच्या कायद्यात आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम २ (ईई) नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक कोण, याची व्याख्या करतो व तीत परिचारिका बसत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवादात्याची तरतूद आहे. त्याला प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहिता येतील, मात्र अशांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावी. वैद्यकीय संघटनांनी या कलमाला कडाडून विरोध केला. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ च्या जागी राष्ट्रीय परिचर्या व सुईणकार्य आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

महाराष्ट्र : याच नियम २ (ईई) चा आधार घेऊन राज्य शासनाने १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची वाट मोकळी केली. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. त्यावरील वाद शमलेला नाही. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरने व्यापलेली जागा महाराष्ट्राच्या खेड्यांत अशा रीतीने बी.ए.एम.एस. डॉक्टरांकडे गेली. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी या २०१८ नंतरच्या पदावरही येथे परिचर्या पदवीधरांबरोबर आयुर्वेद पदवीधर घेतले गेले. या पदासाठी समुदाय आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र लागते. नेमणूक कंत्राटी असते. दरमहा २५,००० रुपये मानधन व कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला, असे जाहिरातींत नमूद असे. उपकेंद्रावर हा अधिकारी रक्तदाब व साखर तपासतो, वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू केलेल्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला पुढे देतो, शंका असल्यास ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवरून डॉक्टरला रुग्ण दाखवतो. पहिली गोळी लिहिण्याचा अधिकार त्याला परिचारिका म्हणून नाही.

शासकीय रुग्णालयांत परिचर्येची चढण अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी आहे. तीत वर जाणे म्हणजे रजेची पत्रके, साठ्याची नोंदवही आणि पाळ्यांचे वेळापत्रक यांकडे जाणे. रुग्ण दूर राहतो. एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या बहुतांश परिचारिका अध्यापनाकडे वळतात. अतिदक्षतेच्या नर्स प्रॅक्टिशनरला काम मिळते ते मुख्यतः मोठ्या खासगी रुग्णालयांत, आणि तेथेही हुद्दा व वेतन त्या-त्या रुग्णालयाच्या मर्जीवर असते.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना भारतीय पदव्युत्तर पदवीचा या बाबतीत थेट उपयोग होत नाही. अमेरिकेत भारतीय परिचारिकेची नोंदणी आधी सामान्य परिचारिका म्हणूनच होते : शैक्षणिक कागदपत्रांचे मूल्यमापन, नोंदणीची राष्ट्रीय परीक्षा, इंग्रजीची चाचणी आणि व्हिसासाठीचे प्रमाणपत्र. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे, तर राज्य मंडळे सामान्यतः तेथील अधिस्वीकृत संस्थेची पदव्युत्तर पदवी मागतात. त्यामुळे येथे एम.एस्सी. झालेली परिचारिकाही तेथे काही वर्षे वॉर्डात काढून मग पुन्हा प्रवेश घेते.